सहावा मासा

अलाबामातल्या हंट्सव्हिल शहरात राहायला आल्यावर इथल्या माणसांशी गप्पा मारायच्या असतील तर दोनच विषय हमखास चालतात: कॉलेजचा फुटबॉल आणि बास मासा. फुटबॉल मला कधी कळला नाही. लहानपण देवगडच्या खाडीवर गळ टाकण्यात गेलेलं, त्यामुळे दुसऱ्या विषयाला मी आपसूक चिकटलो. घरापासून तासाभराच्या आत गंटर्सव्हिलचा जलाशय आहे. टेनेसी नदीवर १९३९ साली पुरं झालेलं धरण, ६९ हजार एकर पाणी, आणि बासच्या स्पर्धा खेळणाऱ्यांच्या तोंडी कायम असलेलं नाव. आधी काठावरून, मग एका स्थानिक क्लबात दुसऱ्याच्या बोटीत मागे बसून, मग व्यावसायिक स्पर्धेत निरीक्षक म्हणून, असा मी यात शिरत गेलो. स्वतःची बोट आजही नाही. मासे पकडायला शिकवावं एवढी माझी पात्रता नाही. पण हा खेळ कसा चालतो, तो कशावर उभा आहे, हे बरंच जवळून बघितलंय. त्यातलं काही सांगतो.

१. आधी नियमावली, मग गळ

बास म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्यातला मोठ्या जबड्याचा, ज्याला इथे लार्जमाउथ म्हणतात, तो अंगाने हिरवट, बाजूने काळपट पट्टा असलेला, आणि स्वभावाने आपल्या मरळीच्या जवळचा. गवतात दबा धरून बसायचं आणि समोरून काही हललं की झडप घालायची. स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड ही त्याची भावंडं. स्पर्धेत तिन्ही चालतात.

नियम ऐकायला सोपे आहेत. दिवसाला पाच मासे, आणि प्रत्येक ठरलेल्या लांबीचा. गंटर्सव्हिलवर लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथला ही मर्यादा १५ इंच आहे. त्याहून केसभर कमी भरला तरी सोडून द्यायचा. आमिष फक्त नकली: रबराचे किडे, लाकडाचे किंवा प्लास्टिकचे मासे, फिरत्या पात्यांचे स्पिनरबेट. गांडूळ, कोळंबी, जिवंत मासळी काही चालत नाही. बोटीत रॉड वीस असले तरी पाण्यात एका वेळी एकच. मोठं इंजिन चालू असताना लाइफ जॅकेट अंगावर आणि इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी अंगाला अडकवलेली. पाच माशांचं एकूण वजन ज्याचं जास्त, तो पुढे.

खाडीवर टोपली किती भरली यावर माणसाची किंमत ठरायची, त्यामुळे ‘पाचच’ हे मला सुरुवातीला विचित्र वाटलं. पण सगळा खेळ त्या पाचात आहे. ही मर्यादा पहिल्यापासून पाचाची नव्हती. सुरुवातीला पंधरा होती, मग दहा, मग सात, असं करत ती पाचावर आली.

२. पाण्यावर माणूस एकटा असतो, म्हणून साक्षीदार लागतो

क्रिकेटचं मैदान सगळ्यांना दिसतं. इथे मैदान म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेलं पाणी, त्यात शंभर बोटी विखुरलेल्या, आणि कुणी काय केलं हे संध्याकाळी काट्यावर ठेवलेल्या पिशवीतूनच कळायचं. आदल्या रात्री पिंजऱ्यात ठेवलेले मासे सकाळी उचलले तर? मित्राने पकडलेला आपल्या नावावर टाकला तर? बासच्या स्पर्धा साठच्या दशकात होतच होत्या, पण त्यांच्याकडे संशयानेच बघितलं जायचं.

हे बदललं ते एका विमाविक्रेत्याने. मॉन्टगोमेरीचा रे स्कॉट. १९६७ च्या मार्चमध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन गावी हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर बास्केटबॉल बघत असताना त्याच्या डोक्यात आलं की बास पकडण्याची अशी देशव्यापी स्पर्धा का नसावी. तीनच महिन्यांत त्याने आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर ती भरवून दाखवली. प्रवेश फी १०० डॉलर, स्पर्धक १०६. नॅशव्हिलचा स्टॅन स्लोन जिंकला. बक्षीस दोन हजार डॉलर आणि अकापुल्कोची सहल. पुढच्याच वर्षी स्कॉटने बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी काढली. इथे सगळे तिला नुसतं ‘बास’ म्हणतात, मासा कोणता आणि संस्था कोणती हे संदर्भावरून कळतं.

विमा विकणाऱ्या माणसाला माणसांवर किती भरवसा ठेवावा हे चांगलं कळत असणार. त्याने दोन अनोळखी स्पर्धक चिठ्ठ्या टाकून एका बोटीत बसवले. दोघंही एकमेकांचे प्रतिस्पर्धी आणि दोघंही एकमेकांचे साक्षीदार. पुढे एक व्यावसायिक आणि मागे एक हौशी ‘को-अँगलर’ अशी रचना आली. २००९ पासून बासच्या सर्वांत वरच्या एलिट मालिकेत गळ न टाकणारा निरीक्षक बसतो, त्याला मार्शल म्हणतात. एवढ्यावरही भागत नाही. जिंकलेल्याला खोटं पकडण्याच्या यंत्रासमोर, पॉलिग्राफवर बसावं लागू शकतं. गळ टाकल्याबद्दल पॉलिग्राफवर बसवणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

हे अती वाटत असेल तर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये क्लीव्हलँडला लेक ईरीवर काय झालं ते बघा. स्पर्धा बासची नव्हती, वॉलआय नावाच्या माशाची होती. जिंकलेल्या जोडीचे मासे दिसायला लहान आणि काट्यावर मात्र भलतेच जड. आयोजकाने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, पोटं चिरली. आत शिशाच्या गोळ्या निघाल्या. प्रकरण कोर्टात गेलं, दोघांनी गुन्हा कबूल केला, दहा दिवसांचा तुरुंगवास झाला आणि स्पर्धेला आणलेली बोट जप्त झाली. इथले लोक हसले नाहीत. आमच्या क्लबात आठवडाभर जो राग होता तो चोरीचा नव्हता, साक्षीदारावरच्या भरवशाला तडा गेल्याचा होता.

३. पाच सगळ्यांना मिळतात, बघायचं ते सहाव्याकडे

बोटीच्या मधोमध पाण्याची टाकी असते, लाइव्हवेल. पकडलेले मासे त्यात जिवंत ठेवतात. पाच झाले की ‘लिमिट’ भरली. पण मासेमारी तिथे थांबत नाही, खरी तिथे सुरू होते. सहावा मासा मिळाला की पुन्हा गळ टाकण्याआधी एक सोडावाच लागतो. सोडायचा कोणता?

हे काम जवळून बघण्यासारखं असतं. प्रत्येक माशाच्या खालच्या ओठाला एक क्लिप, तिला दोरी, आणि दोरीच्या टोकाला वेगळ्या रंगाचा फुगीर तरंगता तुकडा. लाल सर्वांत हलका, निळा सर्वांत जड, असं ज्याने त्याने आपलं ठरवलेलं. सहावा हातात आला की लाल दोरी ओढून तो मासा वर काढायचा, दोघांना एका छोट्या दांडीच्या दोन टोकांना लटकवायचं आणि दांडी मधोमध धरायची. जी बाजू खाली झुकली तो टाकीत परत. दुसरा बोटीच्या कडेवरून पाण्यात. मी ज्यांच्या मागे बसायचो ते गृहस्थ दांडी धरताना श्वास रोखायचे. फरक कधी कधी दोन औंसांचा, म्हणजे ५५-६० ग्रॅमचा. दांडी डगमगत राहायची, बोट हलायची, मासे शेपट्या मारायचे, आणि ते “कम ऑन, कम ऑन” पुटपुटत तसेच उभे. मग एकाला सोडलं की ताबडतोब नव्या लाल माशाचा शोध, कारण आता टाकीतला सर्वांत हलका कोण हे बदललेलं असतं.

यातून एक प्रश्न उभा राहतो आणि त्याला कुणाकडेच कायमचं उत्तर नाही. सकाळी बारीक आमिषाने झटपट पाच लहान मासे भरून घ्यायचे आणि मग मोठ्यामागे लागायचं, की पहिल्यापासूनच मोठ्यासाठी थांबायचं? पहिल्या वाटेने कुणी शून्यावर घरी जात नाही. दुसऱ्या वाटेने स्पर्धा जिंकल्या जातात. २०१४ ची बासमास्टर क्लासिक, म्हणजे या खेळाचा सर्वांत मानाचा सामना, गंटर्सव्हिलवर होती. रँडी हाउएल नावाचा अलाबामाचाच स्पर्धक शेवटच्या दिवशी मागून आला. स्प्रिंग क्रीकच्या पुलाजवळ त्याने पाच मासे असे काढले की एकूण भरले २९ पौंड २ औंस. एकेक मासा सरासरी सहा पौंडांच्या आसपास. त्या पुलावरून गाडीने जाताना इथले लोक अजून वेग कमी करून पाण्याकडे बघतात.

आणि टेक्सास-मेक्सिकोच्या सीमेवरचं फाल्कन लेक? तिथे २००८ साली पॉल एलायसने चार दिवसांत, रोजचे पाच धरून वीस माशांत, १३२ पौंड ८ औंस भरले. माझ्या बोटवाल्या सोबत्याला हा आकडा सांगितला की तो टोपी काढतो. खरंच काढतो.

४. मासा जिवंत ठेवणं हेही कसब आहे

आईला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “खायचा नाही, तर त्या बिचाऱ्याला ओढतोस कशाला रे?” कोकणातल्या माणसाने दुसरं काय विचारावं. इथेही एके काळी दोरीत ओवलेले मेलेले मासे काट्यावर यायचे. १९७२ पासून रे स्कॉटने मासे जिवंत आणा आणि वजन झालं की सोडा, अशी मोहीमच उघडली. हवा खेळती राहणाऱ्या टाक्या, जिवंत माशाला जास्तीचे औंस, मेलेल्याला दंड. आज वजनकाट्यामागे पाण्याची मोठी टाकी असते आणि मासे खास बोटीने परत जलाशयात नेले जातात.

त्याला जो काही खर्च आणि व्याप लागतो तो उन्हाळ्यात कळतो. जुलैत इथलं पाणी ८५ फॅरनहाइटच्या पुढे जातं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी आणि दमलेल्या माशाला तो हवा असतो जास्त. म्हणून जाणकार रात्रीच बाटल्यांत पाणी गोठवून ठेवतात आणि तासातासाला एक बाटली टाकीत टाकतात. एकदम गार करायचं नाही, बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडंच कमी. खोल पाण्यातून ओढलेल्या माशाची दुसरीच तऱ्हा. दाब कमी झाल्याने पोटातली हवेची पिशवी फुगते आणि तो उलटा होऊन तरंगायला लागतो. तेव्हा बारीक सुईने ती हवा काढावी लागते, आणि कुठे टोचायचं हे शिकूनच टोचावं लागतं.

अशाच एका जुलैत आमच्या क्लबातल्या एकाचा सर्वांत मोठा मासा दुपारी टाकीत कलंडला. तो शेवटचा पाऊण तास गळ न टाकता माशाला हाताने सरळ धरून, कल्ल्यांतून पाणी जाईल असा पुढे-मागे हलवत बसला. काट्यावर पोचेपर्यंत मासा गेला. आमच्याकडे मेलेल्या माशामागे चार औंस कापतात. तिसरा येणारा पाचवा आला. त्याला बक्षिसापेक्षा माशाचं जास्त लागलं होतं, हे मी त्याच्या तोंडावर बघितलंय.

सोडून दिलेला प्रत्येक मासा जगतो, असं मात्र कुणी समजू नये. उन्हाळ्यात काही मासे सोडल्यानंतर मरतात, आणि जीवशास्त्रज्ञ हे कित्येक वर्षं सांगत आलेत. म्हणून भर उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धा मला तरी पसंत नाहीत.

याच्या अगदी उलट जपानात. तिथे हा मासा परका, बाहेरून आणलेला. स्थानिक मासळी खातो म्हणून शिगा प्रांताने २००३ पासून बिवा सरोवरात पकडलेला बास परत सोडायला बंदी केली आहे. आणि योगायोग असा की जगातला विक्रमी बास त्याच बिवात निघाला. २००९ च्या २ जुलैला मानाबू कुरिताने पकडलेला, २२ पौंड ४.९७ औंस. त्याआधीचा विक्रम जॉर्जियाच्या जॉर्ज पेरीचा, १९३२ च्या २ जूनचा, २२ पौंड ४ औंस. जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, त्यामुळे कुरिताला बरोबरीचाच मान मिळाला. तोही पॉलिग्राफवर बसल्यावर.

५. घड्याळ कुणाची वाट बघत नाही

ठरलेल्या वेळेला परतायला उशीर झाला तर मिनिटाला एक पौंड वजा. पंधरा मिनिटांनंतर सगळं वजन बाद. इंजिन बिघडलं, धुकं होतं, लॉकगेटमध्ये अडकलो, सगळी कारणं माणसं ऐकून घेतात आणि दंड लावतात.

६. मासा हवामान बघतो, तुम्ही वीजकेंद्र बघा

हे मला कुणी पुस्तकातून सांगितलं असतं तर पटलं नसतं. वसंतात पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटला पोचलं की बास उथळ जागी येऊन घरटं करतो आणि नर त्याची राखण करतो. तेव्हा तो सापडतो, डोळ्यांना दिसतोही. पण जूननंतर गंटर्सव्हिलचे मोठे मासे बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या कडेला, पंधरा-वीस फुटांवर जाऊन बसतात. इथे त्या कडांना ‘लेज’ म्हणतात. आणि तिथे ते तासन्‌तास तोंड उघडत नाहीत.

उघडतात ते पाणी वाहू लागल्यावर. धरण टेनेसी व्हॅली अथॉरिटीचं, म्हणजे सरकारी वीज महामंडळाचं. दुपारी एसी लागले, विजेची मागणी वाढली की टर्बाइन फिरतात, जलाशयात प्रवाह सुरू होतो, लहान मासळी त्याबरोबर ढकलली जाते आणि बास कडेवर तोंड वर करून रांगेत उभे राहतात. अर्ध्या तासात पाच मासे. टर्बाइन बंद की पुन्हा शुकशुकाट. त्यामुळे इथला जाणता स्पर्धक सकाळी चहाआधी, म्हणजे कॉफीआधी, महामंडळाचं पाणी सोडण्याचं वेळापत्रक बघतो. हंट्सव्हिलमधल्या एसींवर गंटर्सव्हिलच्या माशाची भूक ठरते, ही गोष्ट मी कितीजणांना सांगितली असेल.

७. गळ न टाकता शिकायचं असेल तर मार्शल व्हा

थोडी फी भरून नाव नोंदवायचं. चिठ्ठीने ज्याच्याबरोबर नाव येईल त्याच्या बोटीत पहाटेपासून वजनापर्यंत बसायचं. काम दोन: नियम पाळले जातायत हे बघणं आणि प्रत्येक माशाचं अंदाजे वजन मोबाइलवरून संस्थेला कळवणं. गळ टाकायचा नाही, मदत करायची नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे माहिती द्यायची नाही. स्पर्धेआधीच्या बंदीच्या काळात आणि स्पर्धा चालू असताना मासे कुठे आहेत हे बाहेरच्या माणसाकडून मिळवणं हा मोठा गुन्हा. “काल त्या ओढ्यात बरे लागत होते” एवढं माझ्या तोंडून गेलं असतं तरी त्या माणसाचं वर्ष बुडालं असतं. गप्पिष्ट मराठी माणसाला याहून कठीण शिक्षा नाही.

मी ज्यांच्याबरोबर होतो ते दिवसभरात माझ्याशी मोजकंच बोलले. पण हात बघितले. एकाच बुंध्याजवळ तेच आमिष दहा वेळा टाकायचं, दर वेळी वीतभर वेगळ्या कोनातून. अकराव्या वेळी बसला. त्यांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. आमिष टाकण्याआधी पायाने ट्रोलिंग मोटरचं पेडल दाबून बोट वाऱ्याविरुद्ध जागच्या जागी धरलेली असते, हे मला दुपारी लक्षात आलं. हात, पाय, डोळे तीन वेगळी कामं करत होते. आणि दुसऱ्या स्पर्धकाने नांगर टाकून ट्रोलिंग मोटर वर घेतलेली असेल तर त्याच्या ५० यार्डांत शिरायचं नाही. त्यांनी दुरून हात दाखवला आणि बोट वळवली. तिथे मासे होते, आम्हा दोघांना माहीत होतं.

८. सर्किटं दोन आहेत आणि त्यांचं म्हणणं वेगळं आहे

बासच्या एलिट मालिकेत साधारण शंभर स्पर्धक, चार दिवस. दोन दिवसांनंतर निम्मे गळतात, शेवटच्या दिवशी दहाच उरतात. पहिलं बक्षीस एक लाख डॉलर. वर्षाचा कळस म्हणजे क्लासिक. पहिली १९७१ ची, नेवाडातल्या लेक मीडवर. चोवीस स्पर्धकांना विमानात बसवलं आणि कुठे चाललोय हे विमान हवेत गेल्यावर सांगितलं. बॉबी मरे दहा हजार डॉलर घेऊन घरी गेला. आज क्लासिकचं पहिलं बक्षीस तीन लाखांचं आहे आणि वजन स्टेडियमसारख्या बंदिस्त सभागृहात होतं. गाडीमागे ओढलेल्या बोटी, आत स्पर्धक उभा, टाकीत मासे, अशी वरातच आत येते. रिक क्लन चार वेळा जिंकला: १९७६, १९७७, १९८४ आणि १९९०. केव्हिन व्हॅनडॅमही चार वेळा. क्लनने २०१९ मध्ये ७२ व्या वर्षी फ्लोरिडात एलिटची एक स्पर्धा पुन्हा जिंकली, तेव्हा माझ्या ऑफिसातले तिशीतले लोक जिमला जायला लागले.

मग आली मेजर लीग फिशिंग. २०११ मध्ये काही नावाजलेल्या स्पर्धकांनी टीव्हीसाठी म्हणून सुरू केली, आणि २०१९ मध्ये तिने बास प्रो टूर काढली तेव्हा व्हॅनडॅमसकट बासमधली बहुतेक मोठी नावं तिकडे गेली. त्याच वर्षी तिने एफएलडब्ल्यू ही तिसरी मोठी संस्था विकत घेतली. एफएलडब्ल्यू म्हणजे फॉरेस्ट एल. वूड, आर्कान्सातल्या रेंजर बोटींचा जनक. याच संस्थेच्या २००७ च्या अंतिम स्पर्धेत स्कॉट सग्जने एका फटक्यात दहा लाख डॉलर जिंकले होते.

बास प्रो टूर सुरू झाली ती पाचाच्या मर्यादेशिवाय. ठरलेल्या वजनावरचा प्रत्येक मासा मोजायचा, बोटीतच पंचासमोर तोलायचा आणि लगेच सोडायचा. मासा बोटीच्या जमिनीवर पडला तर स्पर्धकाला दंड म्हणून काही मिनिटं हात बांधून बसावं लागतं. कोण किती पुढे आहे हे सगळ्यांना मिनिटामिनिटाला कळतं. माशासाठी हे चांगलं, यात वाद नाही. टाकी नाही, पिशवी नाही, उन्हात रांग नाही. पण मला विचाराल तर पाचाचाच खेळ जास्त आवडतो. तिथे पिशवी उघडेपर्यंत कुणालाच काही माहीत नसतं, आणि आमच्या दांडीवरचा तो सहावा मासाही तिथेच आहे.

९. खालून वर जाण्याची वाट आहे, पण पैसा फार लागतो

क्लब, मग राज्य, मग राष्ट्रीय, आणि तिथून क्लासिक, अशी वाट बासने ठेवली आहे. मेजर लीगकडे शनिवार-रविवारच्या प्रादेशिक स्पर्धा आहेत, जिथे बोट नसलेला माणूसही मागे बसून खेळू शकतो. कॉलेजांच्या स्पर्धा आहेत. इलिनॉयमध्ये तर २००९ पासून शाळांची अधिकृत राज्य अजिंक्यपद स्पर्धा होते. २०२५ ची क्लासिक जिंकलेला ईस्टन फॉदरगिल कॉलेजच्या स्पर्धांतूनच वर आला.

क्लबवाल्यांचा माणूस मात्र ब्रायन कर्चल. हॉटेलात स्वयंपाकी होता. १९९३ च्या क्लासिकमध्ये शेवटचा आला. १९९४ ला पुन्हा पात्र ठरला आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या हाय रॉक लेकवर जिंकला, वयाच्या तेविसाव्या वर्षी. त्याच डिसेंबरमध्ये विमान अपघातात गेला. आमच्या क्लबात त्याचं नाव निघालं की कुणीतरी विषय बदलतं.

पैशाचं बोलायचं तर साधी गोष्ट: नवी बास बोट सहज ८०-९० हजार डॉलरच्या घरात जाते. त्यावर ओढायला ट्रक, इंधन, मोटेल, आणि वरच्या पातळीवर प्रत्येक स्पर्धेची हजारोंची फी. शंभरातले निम्मे रिकाम्या हाताने परततात. अंगरख्यावर दिसणारी नावं म्हणजे श्रीमंती नव्हे, कित्येकांसाठी ती फक्त फी भरण्याची सोय असते. बरेचजण मधल्या दिवसांत गिऱ्हाइकं घेऊन गाइडचं काम करतात. मुलाने “मी प्रो होणार” म्हटलं तर त्याला आधी हा हिशेब कागदावर मांडायला लावा.

१०. नवं यंत्र आलं की वाद येणारच

ऑक्टोबर २०११ मध्ये गंटर्सव्हिलवरच पॉल एलायस, तोच फाल्कनचा, एका विचित्र आमिषाने जिंकला. छत्रीच्या तारांसारख्या पाच तारा, प्रत्येकीच्या टोकाला एक नकली मासळी. बासला वाटावं थवाच आला. मसल शोल्सच्या एका माणसाने बनवलेली ती ‘अलाबामा रिग’ रातोरात दुकानांतून गायब झाली आणि काही महिन्यांत बासने तिच्यावर एलिट आणि क्लासिकमध्ये बंदी घातली.

आताचा वाद पुढे बघणाऱ्या सोनारचा, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातलं दाखवणाऱ्या यंत्राचा. गार्मिनचा लाइव्हस्कोप २०१८ ला आला आणि पडद्यावर मासा जिवंत हलताना, आमिषाकडे येताना, पाठ फिरवून जाताना दिसू लागला. पंचविशीतली मुलं पडद्याकडे बघत भर पाण्यात मासे काढतात, आणि आयुष्यभर बुंधे, गवत, वारा वाचत आलेले जुने लोक मागे पडतात. २०२५ साठी बासने अशा सोनारचा एकच ट्रान्सड्यूसर, म्हणजे लहरी सोडणारा भाग, आणि सगळे पडदे मिळून ५५ इंच अशी मर्यादा घातली. मेजर लीगने दिवसाच्या तीन भागांपैकी एकाच भागात परवानगी दिली. मी पेशाने इंजिनिअर, यंत्राविरुद्ध बोलणं माझ्या जिवावर येतं. तरीही मर्यादा बरोबर आहे असंच मी म्हणेन. सरसकट बंदी नको, ते ढोंग होईल, कारण साधा सोनार तर हे सगळेच कित्येक वर्षं वापरतायत.

११. बघायला या

अलाबामा, टेनेसी, टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडा या भागांत आपली मराठी कुटुंबं भरपूर आहेत, आणि बहुतेकांना घराजवळ काय चालतं याचा पत्ता नसतो. बासच्या स्पर्धांचं वजन बघायला तिकीट लागत नाही. साधारण दुपारी तीनच्या सुमाराला सुरू होतं, जवळची जागा हवी असेल तर अर्धा तास आधी पोचा. मुलांना घेऊन जा, मासा हातात धरलेला बघू द्या, वजनानंतर तो सोडायला जाणारी बोट दाखवा. स्वतः गळ टाकायचा असेल तर आधी राज्याचा मासेमारी परवाना काढा. तो ऑनलाइन मिळतो, आणि तपासणी करणारा सरकारी वॉर्डन तो विचारतो.